हिरवा दिवा आणि न जुळलेला जमाखर्च

एका प्रचंड घराचा तरुण मालक मरण पावला आहे. उन्हाळाभर त्या घरी शेकडो पाहुणे येत, खात-पीत, नाचत आणि पहाटे आपापल्या मोटारींतून परतत. परंतु त्याच्या अंत्यविधीच्या दिवशी भर पावसात दफनभूमीकडे निघतात त्या अवघ्या तीन गाड्या. त्यांत असतात त्याचे वृद्ध वडील, एक धर्मोपदेशक, शेजारच्या घरात राहणारा एक भाडेकरू, चार-पाच नोकर आणि गावचा पोस्टमन. पाहुण्यांच्या त्या अफाट गर्दीतला एकच जण मागाहून धापा टाकत येऊन पोहोचतो. आणखी एका पाहुण्याची आठवण आदल्या दिवशीच होऊन गेलेली असते. तो कित्येक आठवडे त्या घरात फुकट राहिला होता. त्याचा दूरध्वनी येतो तो सांत्वनासाठी नव्हे. तिथे विसरलेले आपले टेनिसचे बूट पाठवून द्यावेत, एवढीच त्याची विनंती असते.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचा हा शेवट. १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिबनर्स या प्रकाशनसंस्थेने ती प्रसिद्ध केली. तिला आता शंभर वर्षे होऊन गेली आहेत. आपल्याकडे अनेकांना तिची ओळख झाली ती २०१३ च्या चित्रपटामुळे. अमिताभ बच्चन यांनी त्यात मेयर वुल्फशाइम या जुगारी दलालाची छोटीशी भूमिका केली होती. साहित्याच्या वर्गांत ती प्रेमकथा म्हणून, किंवा अमेरिकन स्वप्नाच्या भंगाची कथा म्हणून शिकवली जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या घरात सकाळची सुरुवात दुकानाचे कुलूप उघडून आणि रात्रीचा शेवट वही मिटून होतो, अशा वाचकाने ही कादंबरी हाती घेतली तर तिच्यात त्याला आणखी एक गोष्ट सापडते. पैसा कसा आला, कुणाच्या नावे पडला आणि शेवटी शिल्लक काय उरली, याचा तो एक जमाखर्च आहे.

व्यापारी घराण्याचा मुलगा

ही कथा सांगणारा निक कॅरवे स्वतः व्यापारी कुटुंबातला आहे, हे वाचकांच्या सहसा लक्षात राहत नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका शहरात त्याचे घराणे तीन पिढ्यांपासून प्रतिष्ठित आहे. आजोबांचे भाऊ १८५१ मध्ये तिथे आले आणि त्यांनी हार्डवेअरचा घाऊक व्यापार सुरू केला. तोच व्यापार निकचे वडील आजही सांभाळत आहेत. मुलाला न्यूयॉर्कला जाऊन बाँडचा व्यवसाय शिकायचा आहे असे कळताच घरातील सगळे काका, मावश्या, आत्या विचार करायला बसतात आणि गंभीर चेहऱ्यांनी संमती देतात. वडील एक वर्षाचा खर्च उचलण्याचे कबूल करतात. पहिल्या दोन-चार पानांतील हे दृश्य आपल्याकडील कोणत्याही एकत्र कुटुंबाला परके वाटणार नाही.

याच ओघात लेखक एक बारीकशी नोंद करून ठेवतो. त्या मूळ पुरुषाने यादवी युद्धाच्या वेळी स्वतः लढायला न जाता आपल्या जागी पैसे देऊन दुसरा माणूस पाठवला होता. तत्कालीन कायद्याने तशी मुभा होती आणि कुणी त्याला गुन्हा म्हटले नाही. तरीही ती नोंद तिथे आहे. प्रतिष्ठित घराण्याच्या वहीतही एखादे पान असे असते की जे वाचताना आवाज थोडा खाली येतो, हे फिट्झजेराल्ड सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

निक लाँग आयलंडवर महिना ८० डॉलर भाड्याचे एक लहानसे घर घेतो. बँकिंग, पत आणि गुंतवणूक या विषयांवरची डझनभर पुस्तके आणून मांडतो. त्याच्या अंगणाला लागूनच जे गॅट्सबी याचा महाल आहे. या महालाचीही एक हकीकत आहे. तो मुळात मद्यनिर्मिती करणाऱ्या एका धनिकाने बांधला होता. शेजारच्या गरिबांनी आपली घरे गवताने शाकारली तर पाच वर्षे त्यांचे कर आपण भरू, असे त्याने सांगितले होते. आपल्या खिडकीतून दिसणारा देखावा जुन्या सरंजामी युरोपसारखा असावा, ही त्याची हौस होती. शेजाऱ्यांनी नकार दिला. पुढे तो मेला आणि दारावर सुतकाची काळी माळ तशीच असताना त्याच्या मुलांनी घर विकून टाकले. गॅट्सबी ज्या घरात स्वप्न थाटतो, त्या घराची वारसाकथा ही अशी आहे.

संपत्तीचा उगम

गॅट्सबीचे खरे नाव जेम्स गॅट्झ. नॉर्थ डकोटातील एका कफल्लक शेतकरी जोडप्याचा हा मुलगा. सतराव्या वर्षी त्याने नाव बदलले आणि खाणींत अमाप पैसा कमावलेल्या डॅन कोडी या मद्यपी वृद्धाच्या बोटीवर तो नोकरीला लागला. पाच वर्षांच्या सेवेनंतर कोडीने त्याच्यासाठी २५,००० डॉलर ठेवले. परंतु कायद्याच्या डावपेचांत ती रक्कम त्याच्या हाती आलीच नाही. श्रीमंतांच्या जगात कष्टाची भरपाई मिळेलच असे नाही, हा त्याचा पहिला धडा.

पुढे सैन्यात अधिकारी असताना लुईव्हिल येथे डेझी नावाच्या श्रीमंत घरातील मुलीशी त्याचे प्रेम जमले. तो युद्धावर गेला आणि १९१९ च्या जूनमध्ये तिने टॉम ब्युकॅनन या गडगंज तरुणाशी लग्न केले. लग्नाच्या आदल्या दिवशी टॉमने तिला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार दिला होता. १९२२ च्या उन्हाळ्यात, कथा सुरू होते तेव्हा, गॅट्सबीने खाडीच्या अलीकडे तो महाल घेतलेला आहे. कारण पलीकडच्या किनाऱ्यावर डेझीचे घर आहे आणि तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा त्याला रात्री आपल्या अंगणातून दिसतो.

एवढा पैसा त्याने तीन वर्षांत कसा मिळवला? १७ जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू झाली होती. दारूचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक यांवर बंदी होती. मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मद्य देण्याची सवलत औषधांच्या दुकानांना होती. कायद्यातील या फटीवर कित्येकांनी इमले बांधले. गॅट्सबी आणि वुल्फशाइम यांनी आडरस्त्यांवरची औषधांची अनेक दुकाने विकत घेतली आणि त्यांच्या गल्ल्यावरून चोरून दारू विकली. शेवटी-शेवटी चोरीच्या बाँडचा व्यवहारही सूचित होतो. महायुद्धाच्या काळातील लिबर्टी बाँडमुळे सामान्य अमेरिकन माणसाला रोख्यांची ओळख झाली होती. त्या काळी पुष्कळ बाँड कुणाच्या नावावर नसत. ज्याच्या हाती कागद, तोच धनी. त्यामुळे चोरीचा कागद लहान गावात जाऊन खपवता येई. गॅट्सबीच्या मृत्यूनंतर आलेल्या एका दूरध्वनीवरून कळते, की क्रमांकांची यादी आधीच पोहोचल्यामुळे त्याचा एक माणूस खिडकीवरच पकडला गेला आहे.

वुल्फशाइमच्या चित्रणाबाबत एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. आर्नोल्ड रॉथस्टाइन या खऱ्या जुगाऱ्यावरून हे पात्र बेतलेले आहे. १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपद स्पर्धेतील लाचखोरीशी त्याचे नाव जोडले गेले होते. परंतु ते रंगवताना ज्यू व्यापाऱ्यांविषयीचे तत्कालीन पूर्वग्रह लेखकाने जसेच्या तसे वापरले आहेत. अख्ख्या व्यापारी समाजाला लबाड ठरवण्याची ही सवय जुनी आहे आणि ती थोर लेखकांनाही सुटत नाही. कादंबरीचे मोठेपण मान्य करूनही हा डाग दाखवला पाहिजे.

निकलाही एकदा हे आमिष दाखवले जाते. डेझीची भेट घडवून आणण्याच्या मोबदल्यात गॅट्सबी त्याला ‘थोडासा जोडधंदा’ सुचवतो. निक तत्काळ नकार देतो. पुढे तो कबूल करतो, की ते बोलणे वेगळ्या परिस्थितीत झाले असते तर आपल्या आयुष्याला निराळेच वळण लागले असते. उपकाराच्या मोबदल्यात दिलेली लाच इतकी उघड होती, म्हणून तो वाचला. भल्या घरचा मुलगाही सावरतो तो दरवेळी तत्त्वामुळेच असे नाही, हे लेखकाने किती प्रामाणिकपणे दाखवले आहे!

दोन किनारे आणि मधली राख

कादंबरीत खाडीचे दोन किनारे आहेत. ईस्ट एग हा पिढीजात श्रीमंतांचा, वेस्ट एग हा नवश्रीमंतांचा. गॅट्सबीचा पैसा काळा असला तरी तो त्याने कशासाठी तरी मिळवला आहे. टॉमने मात्र काहीच मिळवलेले नाही. वारशाने आलेल्या संपत्तीतून तो पोलोचे घोडे पाळतो, गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावरची पुस्तके वाचून व्याख्याने झोडतो, आणि जॉर्ज विल्सन नावाच्या गरीब गॅरेजवाल्याच्या बायकोशी उघडपणे संबंध ठेवतो. विल्सनला टॉमची जुनी मोटार विकत घेऊन पुढे विकायची आहे. त्या एका सौद्यावर त्याच्या साऱ्या आशा टांगलेल्या आहेत. टॉम तो सौदा महिनोन्महिने लांबवतो आणि विल्सनने तगादा लावताच सौदाच मोडण्याची धमकी देतो. मोठ्या गिऱ्हाइकाने लहान धंदेवाईकाला असे ताटकळत ठेवणे, यातील अपमान व्यापारी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

विल्सनचे गॅरेज राखेच्या प्रदेशात आहे. ही कल्पना नव्हे. ब्रुकलिनमधील कोळशाच्या भट्ट्यांची राख तेव्हा क्वीन्समधील कोरोना या भागात आणून टाकली जात असे आणि तिचे डोंगर झाले होते. १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती जागा साफ करण्यात आली. आज तिथे उद्यान आहे आणि अमेरिकन ओपन टेनिस स्पर्धाही तिथेच भरते. कादंबरीत या राखेवर एक भलामोठा जाहिरातफलक उभा आहे: पिवळ्या चष्म्यामागचे दोन प्रचंड डोळे. डोळ्यांच्या कुणा डॉक्टरने गिऱ्हाईक वाढावे म्हणून तो लावला आणि पुढे तो धंदाच बंद झाला. फलक मात्र राहिला. पत्नीच्या मृत्यूनंतर भ्रमिष्ट झालेला विल्सन त्या डोळ्यांनाच देवाचे डोळे समजतो. जिथे दुसरे काहीच पवित्र उरलेले नाही, तिथे माणूस बंद पडलेल्या दुकानाच्या पाटीपुढे हात जोडतो.

भ्रम कुठे आहे?

गॅट्सबीच्या ग्रंथालयात एक पाहुणा पुस्तके तपासतो. ती पुठ्ठ्याची असतील असे त्याला वाटले होते. परंतु ती खरी निघतात. फक्त त्यांची पाने कापलेली नाहीत. तेव्हा पुस्तकांची पाने कडेने जोडलेली असत आणि वाचणारा ती कापून घेई. म्हणजे पुस्तके अस्सल, पण एकही वाचलेले नाही. गॅट्सबीचे सारे वैभव असेच आहे. इंग्लंडहून आलेले शर्ट तो डेझीपुढे एकावर एक फेकत जातो आणि ती त्यांच्यात तोंड खुपसून रडते, तेव्हाही वस्तू खऱ्याच असतात.

गॅट्सबीचा भ्रम पैशाविषयीचा नाही; तो काळाविषयीचा आहे. गेलेली पाच वर्षे पुसून टाकता येतील, भूतकाळ पुन्हा जसाच्या तसा मांडता येईल, अशी त्याची दृढ समजूत आहे. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात भर उन्हाळ्यातील एका दुपारी तो डेझीकडून एकच वाक्य मागतो: मी टॉमवर कधीच प्रेम केले नाही, असे म्हण. तिला ते म्हणता येत नाही. तेवढ्यात टॉम औषधांच्या दुकानांचे प्रकरण बाहेर काढतो आणि ती कायमची मागे सरते. परिग्रह म्हणजे घरातील वस्तूंची मोजदाद नव्हे, मनाची घट्ट झालेली मूठ, हे आपल्या घरांत लहानपणापासून ऐकायला मिळते. गॅट्सबीला महाल सोडणे जड गेले नसते. सोडता आली नाही ती एक जुनी संध्याकाळ.

परततांना गॅट्सबीची पिवळी मोटार डेझी चालवत असते. तिच्याखाली विल्सनची बायको मर्टल सापडते. डेझी थांबत नाही. गॅट्सबी दोष स्वतःवर घ्यायला तयार होतो. टॉम विल्सनला सांगतो, की ती गाडी गॅट्सबीची आहे. विल्सन गॅट्सबीला गोळी घालतो आणि नंतर स्वतःला. टॉम आणि डेझी सामान बांधून निघून जातात; मागे पत्ताही ठेवत नाहीत. चौकशीत मर्टलची बहीण खोटी साक्ष देते. निकला सत्य ठाऊक असते, पण तोही ते जाहीर करत नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये फिफ्थ अव्हेन्यूवर टॉम भेटतो, तेव्हा निक आधी हात मिळवायला नकार देतो आणि शेवटी मिळवतो. मग टॉम जवाहिऱ्याच्या दुकानात शिरतो. बहुधा मोत्यांचा हार घ्यायला, किंवा मनगटाच्या गुंड्यांची जोडी.

नैतिक ऱ्हास म्हणतात तो दारूच्या मेजवान्यांत दिसतो त्यापेक्षा या हस्तांदोलनात अधिक दिसतो. टॉमसारखी माणसे मोडतोड करून निघून जाऊ शकतात, कारण सभ्य माणसे गप्प राहतात.

लेखकाची स्वतःची वही

हे सारे लिहिणारा लेखक पैशाच्या मोहापासून दूर नव्हता. फिट्झजेराल्डच्या आईचे वडील मिनेसोटातील सेंट पॉल शहरात किराणा मालाचे मोठे घाऊक व्यापारी होते. वडिलांचा मात्र वेताच्या फर्निचरचा धंदा बुडाला, आणि पुढे १९०८ मध्ये विक्रेत्याची नोकरीही गेली. तेव्हा स्कॉट अकरा वर्षांचा होता. कुटुंब सेंट पॉलला परतले आणि आईच्या माहेरच्या पैशावर जगू लागले. श्रीमंतांच्या शाळेतला हा गरीब नातलग पुढे आयुष्यभर काचेबाहेरून आत पाहत राहिला. पुरेसा पैसा नाही म्हणून झेल्डा सेअर हिने त्याच्याशी ठरलेले लग्न मोडले होते. पहिली कादंबरी १९२० मध्ये गाजताच तिने त्याच्याशी लग्न केले.

फिट्झजेराल्ड आपल्या कमाईची एक मोठी हिशेबवही ठेवत असे. वर्षवार, कथेगणिक मिळालेली रक्कम त्याने स्वतःच्या अक्षरांत त्यात नोंदवली आहे. ती वही आज साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संग्रहात आहे. जमेच्या बाजूची एवढी शिस्त असलेल्या या माणसाने १९२४ मध्ये, वर्षाला ३६,००० डॉलर मिळूनही आपण कसे कंगाल झालो, यावर एक विनोदी लेख लिहिला. खर्चाचा मोठा भाग कुठे गेला, याचा पत्ता त्या पती-पत्नींना लागला नव्हता. पुढे न लिहिलेल्या कथांवर उचल घेण्याची त्याला सवय लागली.

‘गॅट्सबी’ची पहिली आवृत्ती २०,८७० प्रतींची निघाली, दुसरी केवळ ३,००० प्रतींची. २१ डिसेंबर १९४० रोजी, ४४ व्या वर्षी तो वारला, तेव्हा त्या दुसऱ्या आवृत्तीतील प्रती गोदामात पडून होत्या. त्याच्या हयातीतला शेवटचा मानधनाचा धनादेश जेमतेम १३ डॉलरचा होता. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना वाटण्यासाठी या कादंबरीच्या सुमारे १,५५,००० प्रती छापल्या गेल्या आणि तिथून तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले. ज्या बाजारात त्याने पत मिळवायची धडपड केली, त्या बाजाराने त्याचा हिशेब मृत्यूनंतर चुकता केला.

न विचारलेला प्रश्न

अंत्यविधीसाठी गॅट्सबीचे वडील मिनेसोटाहून येतात. त्यांच्या अंगावर स्वस्तातला लांब कोट असतो आणि खिशात मुलाच्या महालाचे एक छायाचित्र. कोपरे मोडलेले, कित्येकांना दाखवून मळलेले. त्या घरात उभे असतानाही ते घराकडे पाहत नाहीत. निकला ते चित्रच पुन्हा पुन्हा दाखवतात. मग ते एक जुने पुस्तक काढतात. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लहान जिमीने १९०६ मध्ये स्वतःसाठी दिनक्रम लिहून ठेवलेला असतो: पहाटेचा व्यायाम, अभ्यास, आठवड्याची बचत आणि आईवडिलांशी अधिक चांगले वागण्याचा निश्चय. कुठल्याही घरात असा मुलगा कौतुकाचाच विषय झाला असता. तो जगता तर रेल्वेसम्राट जेम्स हिलसारखा मोठा झाला असता, असे वडील अभिमानाने म्हणतात.

त्या मुलात उद्योग होता, शिस्त होती, बापाला घर घेऊन देण्याइतके प्रेमही होते. मग कमी काय पडले? साऱ्या कादंबरीत एक साधा प्रश्न त्याला आपुलकीने कुणी विचारत नाही: बाबा रे, एवढा पैसा आला कुठून? पाहुणे त्याच्याविषयी अफवा पसरवतात. त्याने खून केला आहे, तो जर्मन हेर आहे, अशी कुजबुज करतात. पण अफवा म्हणजे चौकशी नव्हे. डेझीला त्याची गरज वाटत नाही. निकला संशय येतो आणि तो तिथेच थांबतो. वडिलांना छायाचित्र पुरेसे आहे. तो प्रश्न शेवटी एकटा टॉम विचारतो आणि तोही शस्त्र म्हणून.

व्यापारात उधारी देताना आपण समोरच्याची पेढी, पत आणि मागची देणी पाहतो. मुलीसाठी स्थळ पाहताना चार ठिकाणी विचारतो. मात्र आपल्याच घरातील तरुण दोन-तीन वर्षांत अचानक मोठी गाडी घेऊन दारात उभा राहिला, की आपण पेढे वाटतो आणि त्या गाडीशेजारी उभे राहून छायाचित्र काढतो. तो क्षण कौतुकाचा असेलही. तरी त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, घरातील वडीलधाऱ्याने त्याला जवळ बसवून वही उघडायला सांगावी. गॅट्झ म्हाताऱ्याने दोन वर्षांपूर्वी, मुलगा घर घेऊन द्यायला आला तेव्हा, तेवढे केले असते तर कदाचित ते छायाचित्र घेऊन पावसात येण्याची वेळ त्याच्यावर आली नसती.